‘रिंगू २’च्या बाजूने
‘रिंगू २’ हा जपानी भयपट केवळ पहिल्या भागाच्या यशावर काढलेला अनावश्यक चित्रपट आहे, हे मत मला पटत नाही. १९९८ साली ‘रिंगू’सोबतच प्रदर्शित झालेला ‘रासेन’ हा उत्तरभाग प्रेक्षकांनी नाकारला, म्हणून तो बाजूला ठेवून पहिल्या भागाचेच दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांनी १९९९ मध्ये कथा नव्याने पुढे नेली. उत्तरार्ध विस्कळीत आहे, शाप उतरवण्याच्या प्रयोगाचा प्रसंग तर फारच ताणला आहे, हे मान्य. परंतु सादाको, म्हणजे विहिरीत ढकललेली आणि पुढे शापित भूत झालेली मुलगी, त्या विहिरीत सुमारे तीस वर्षे जिवंत होती, हे शवतपासणीतून कळते तेव्हा अंगावर काटा येतो; आणि कवटीवर मातीने घडवलेला चेहरा घेऊन ती विहिरीच्या भिंतीवरून सरसर चढत चित्रपटाची नायिका माई हिला गाठते, तेव्हा भीतीइतकीच तिची कणवही दाटून येते. ही कणव पहिल्या भागात मला इतकी जाणवली नव्हती.