मदत हवी आहे : ड्युशेन असलेल्या मुलाला उचलणं आणि रात्रीचं कूस बदलणं

नमस्कार मंडळी. माझ्या १३ वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा जनुकीय आजार, आहे. जनुक तपासणी झाली आहे, निदानाबद्दल शंका नाही. स्टिरॉइड चालू आहे, दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, टाचांचे ताणाचे व्यायाम घरीच करून घेते. गेल्या वर्षी त्याचं चालणं थांबलं. शाळेने वर्ग तळमजल्यावर आणला, ती काळजी मिटली. अडलंय ते घरात.

आम्ही कराडजवळ राहतो. त्याचे बाबा कारखान्यात शिफ्टला, घरी मी आणि सासूबाई. मुलाचं वजन ४६ किलो. पलंगावरून व्हीलचेअर, तिथून संडास-बाथरूम, परत चेअर, दुपारी पुन्हा पलंग. काखेत हात घालून त्याला उचलता येत नाही. खांद्यांत जोरच नसल्यामुळे हात लावला की खांदे कानांपर्यंत वर सरकतात आणि तो खाली निसटतो. म्हणून एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागून घालून उचलते. माझी कंबर आता कायमची धरलेली असते. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना हात लावू देत नाही. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, हातून पडला तर काय, ही धास्ती वेगळीच.

दुसरी अडचण रात्रीची. त्याला स्वतःला कूस वळता येत नाही. कधी पाय सरळ करून हवा असतो, कधी उशीखाली कान दुमडलेला असतो आणि तो सोडवायलाही त्याला मलाच हाक मारावी लागते. हल्ली हाका फार वाढल्यात. सकाळी डोकं जड आहे म्हणतो, नाश्ता नको म्हणतो. झोप पुरत नसावी.

रुग्ण उचलायचं मशीन कुणी घरी वापरतं का? साध्या घरात ते चालतं का? रात्री काय करता? आणि त्याला आता आंघोळीला माझी लाज वाटते. तोंडाने बोलत नाही, पण मान फिरवून बसतो. हे कसं सांभाळलंत तेही सांगा.

जडीबुटी, काढे कृपया सुचवू नका. शरीरात डिस्ट्रोफिन हे स्नायूंना लागणारं प्रथिन तयारच होत नाही, तिथे तेल काय करणार? सासूबाई हलक्या हाताने पाय चोळतात, त्याला बरं वाटतं, तेवढं पुरे.

प्रतिसाद :

ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, तोच आजार. आधी रात्रीचं बोलतो, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. हाका वाढणं, सकाळी डोकं जड, नाश्ता नको, हे नुसत्या अवघडण्यामुळे नसेल. श्वासाचे स्नायू थकले की झोपेत श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. दिवसा ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसतो, त्यामुळे लक्षात येत नाही. पुढच्या तारखेची वाट न बघता छातीच्या डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांगा. फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी आणि स्लीप स्टडी (रात्री झोपेत होणारी तपासणी) करून घ्या, त्यात कार्बन डायऑक्साइडही मोजायला सांगा. आमच्याकडे बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र) लागल्यावर हाका खूप कमी झाल्या, सकाळी पोरगा मागून खायला लागला. श्वासाला आधार न देता नुसता ऑक्सिजन लावणं या मुलांना धोक्याचं ठरू शकतं. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना तर नक्कीच, कारण काही औषधं यांना चालत नाहीत.

कूस वळवायला कमरेखाली सॅटिनचं गुळगुळीत कापड आडवं घाला. ते ओढलं की अंग सहज सरकतं, उचलावं लागत नाही. गुडघ्यांमध्ये उशी हवीच.

मशीन जरूर घ्या, पण आधी पलंगाखाली बघा. मशीनचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात. खालून बंद असलेला दिवाण असेल तर ते जवळच येत नाही. छताला लावायचं मशीन पत्र्याच्या घरात नको. मशीनला अडकवायचा झोळा, ज्यात मुलाला बसवून उचलतात, तो डोक्याला आधार असलेला घ्या, आंघोळीसाठी जाळीचा वेगळा मिळतो, तो लवकर वाळतो. संडासाला चाकांची कमोड खुर्ची आणली की दोन वेळचं उचलणं वाचतं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत जोडून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

लाजेचं म्हणाल तर आम्ही त्यालाच विचारलं. मांडीवर पंचा कायम ठेवायचा आणि हात पोचतो तिथे साबण त्यानेच लावायचा, हे त्याने ठरवलं. बाबांची शिफ्ट बघून आंघोळीची वेळ संध्याकाळी नेली तरी काही बिघडत नाही.

धागाकर्ती :

दादा, फार आभार. डॉक्टरांना उद्याच फोन करते. आमचा पलंग खालून बंदच आहे. सुताराकडून खालची फळी काढून पाय लावून घेतले तर किती उंची सोडायची? आणि जाळीच्या झोळ्यात आंघोळ घालताना मान धरायला दुसरं माणूस लागतं का, की एकटीला जमतं?