मिगेल काब्रेरा: मोठा चित्रकार की राजवटीचा कारकून?

कुंचलेवाला:
मेक्सिको म्हणजे तेव्हाचा ‘नवा स्पेन’. तिथला मिगेल काब्रेरा (१६९५–१७६८) आज जगभर ओळखला जातो तो ‘कास्ता’ चित्रांमुळे. १७६३ चा सोळा चित्रांचा संच. बहुतेक चित्रांत निरनिराळ्या वंशांचे आईबाप, त्यांचं मूल आणि त्या मुलाची ‘जात’ लिहिलेली. सुरुवातीला उंची वस्त्रं, पुढे फाटके कपडे, शेवटी ‘रानटी इंडियन’, म्हणजे तिथले मूळनिवासी. माझ्या मते हा चित्रकार कमी, राजवटीचा कारकून जास्त.

शाईचा_डाग:
पहिलं चित्र नीट बघा हो. स्पॅनिश बापाचं तोंड आपल्याकडे नाहीच. आपल्याला दिसतात त्या मूळनिवासी आई आणि मुलगी, मागे कापडांच्या थप्प्या. कारकुनाने साहेबाला असं पाठमोरं उभं केलं असतं?

कुंचलेवाला:
बाप पाठमोरा असला तरी क्रमांक एक त्याचाच आहे.

पोथीवाचक:
तुम्ही दोघं एकाच संचात अडकलात. त्याच्या काळात त्याचा दबदबा होता तो देवळातल्या चित्रांमुळे. तास्कोचं सांता प्रिस्का चर्च बघा, तेपोत्सोत्लानचं जेझुइटांचं (कॅथलिक धर्मसंघाचं) काम बघा. आर्चबिशपचा तो खास चित्रकार. १७५१ मध्ये ग्वादालुपेच्या मातेचं, म्हणजे मेरीचं, चमत्काराने उमटलं असं मानलेलं मूळ चित्र तपासायला चित्रकार बोलावले, त्यांत हा होता. १७५६ च्या ‘माराविल्या आमेरिकाना’ या पुस्तिकेत तो लिहितो की कापडाला अस्तराचा लेप नाही आणि एकाच चित्रात चार तऱ्हांचं रंगकाम आहे. म्हणजे हे माणसाच्या हातचं नव्हे. त्याने केलेली प्रत रोमला पोपपुढे गेली आणि १७५४ मध्ये पोपने ग्वादालुपेला नव्या स्पेनची संरक्षक म्हणून मान्यता दिली. प्रभाव म्हणतात तो हा.

कुंचलेवाला:
वा! माझीच बाजू मांडलीत. चित्रकाराची नजर चर्चच्या दावणीला.

शाईचा_डाग:
दावणीला कशी? निर्णय भक्तीचा असेल, पण चर्चला साक्ष चित्रकाराची घ्यावी लागली. चित्रकला ही हातकारागिरी नव्हे, बुद्धीची कला आहे, हे तिथल्या चित्रकारांना सिद्ध करायचं होतं. १७५३ च्या सुमारास त्यांनी अकादमी काढली, अध्यक्ष काब्रेराच. आणि सोर हुआना या कवयित्री जोगिणीचं चित्र विसरू नका. ती वारली १६९५ साली, म्हणजे त्याने तिला पाहिलेलंच नाही. तरी जुन्या चित्राच्या आधाराने, पुस्तकांनी भरलेल्या कपाटांपुढे त्याने तिला असं बसवलं की आज सोर हुआना म्हटलं की तेच रूप आठवतं. बाईची विद्वत्ता अशी समोर मांडायला कोणत्या राजवटीने सांगितलं होतं?

कुंचलेवाला:
सोर हुआनाचं चित्र थोर आहे, वाद नाही. पण त्याच अकादमीच्या नियमांत मिश्र रंगाच्या मुलाला शिष्य म्हणून घेऊ नये असं कलम होतं. त्याचं काय?

पोथीवाचक:
आणि अध्यक्षाच्या स्वतःच्या आईबापांचा पत्ता नाही! ओआहाकातलं अनाथ पोर. ते कलम आपल्यालाच लागू पडलं असतं का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

कुंचलेवाला:
म्हणूनच तर त्याला कलम हवं असणार.