बॉइंक (पीसीची रिकामी ताकद वैज्ञानिक संशोधनाच्या गणितांना देणारा प्रोग्राम) टाकल्यापासून पीसी बंद पडतोय
विंडोज परत टाका असं वरच्या उत्तरात सुचवलंय ते नाही पटत, पीसी दुपारीच बंद पडतो आणि रात्री नीट चालतो म्हणजे हे सरळ सरळ तापण्याचं प्रकरण आहे. आपल्या इंदूरात मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि बॉइंक प्रोसेसरचे सगळे कोर (गणित करणारे भाग) तासन्‌तास पूर्ण जोरात पळवतं, मग हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत बसलेला धुळीचा थर तेव्हाच नडतो, आधी तो ब्रशने काढा.

आणि बॉइंकच्या सेटिंगमध्ये टक्के दोन प्रकारचे असतात हे कोणी लिहिलंच नाही, सीपीयू टाइमचे (प्रोसेसरने किती वेळ चालायचं त्याचे) कमी केले तर काम थांबत थांबत चालतं नि पंखा सारखा वर-खाली होतो, त्यापेक्षा किती सीपीयू वापरायचे ते ५० करा, निम्मे कोर मोकळे राहतात. पण बॉइंक काढू नका हो, चांगलं काम आहे ते.