मदत हवी आहे : रोहूच्या कानातील लॅगेना आणि आपला कर्णावर्त

नमस्कार. मी पैठण परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. नाथसागरातला दीड किलोचा रोहू आणून त्याचा आंतरकर्ण मुलांना उघडून दाखवला. तीन अर्धवर्तुळाकार नलिका सहज ओळखू आल्या. अडचण पुढे आली.

आकृतीनुसार सॅक्यूल या आंतरकर्णातल्या पिशवीमधला कर्णखडा (कॅल्शियम कार्बोनेटचा खडा) सर्वांत मोठा असायला हवा होता, पण तिथून सुईसारखी काडी निघाली आणि चिमट्यात धरताच मोडली. मोठा, दातेरी कडेचा पांढरा खडा मागच्या लॅगेना या छोट्या पिशवीत होता; काळ्या कापडावर ठेवला तेव्हा ज्वारीच्या दाण्याहून थोडा लहान भरला. रोहू-कटल्याच्या गटात असेच असते, शिवाय त्यांच्यात हवेच्या पिशवीची कंपने वेबरची हाडे म्हणवणाऱ्या लहान हाडांच्या साखळीमार्फत आंतरकर्णापर्यंत पोहोचतात, हे नंतर वाचून समजले.

मात्र एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग आपल्या कानात लॅगेना कुठे आहे?" लॅगेनाच लांबून, सुमारे अडीच वेढे घेऊन कर्णावर्त (ऐकण्याचा शंखासारखा वेटोळा अवयव) झाला, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो तेच सांगितले. घरी आल्यावर ते उत्तर मला पटेना. कोंबडीची श्रवणनलिका जेमतेम वाकलेली असते आणि तिच्या टोकाशी लॅगेना स्वतःच्या खड्यांसह वेगळा असतो. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपस या सस्तन प्राण्यातही लॅगेना आहे. दोन्ही अवयव एकाच कानात नांदत असतील, तर एकाचा दुसरा झाला असे कसे म्हणावे? माझ्या समजुतीप्रमाणे ऐकण्याच्या केसपेशींचा (कंपने टिपणाऱ्या पेशींचा) पट्टा लॅगेनाच्या शेजारी स्वतंत्रपणे विकसित झाला, तोच सस्तन प्राण्यांत लांबून वेटोळा झाला आणि आपल्या वंशात लॅगेना मागे पडून नाहीसा झाला. ही मांडणी बरोबर आहे का, हे तुलनात्मक शरीररचना शिकवणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे, कारण चूक असेल तर मला ती वर्गात उभे राहून दुरुस्त करायची आहे.

दुसरी विनंती प्रात्यक्षिकाबद्दल आहे. कोंबडीच्या कवटीतून श्रवणनलिका आणि लॅगेनाचा भाग अखंड कसा काढावा? हाड मऊ करायला व्हिनेगर वापरले तर कॅल्शियम कार्बोनेटचे खडेही विरघळतात, आणि मुलांना दाखवायचे आहेत ते नेमके खडेच. आमच्याकडे साधा विच्छेदन सूक्ष्मदर्शक, बारीक चिमटे आणि नखे घासायची कानस एवढेच साहित्य आहे.