सांगलीत चढ कुठंच नाही आणि नाव घातलंय सातारा हिल हाफ मॅरेथॉनला, तयारी कशी करू?

हरिपूर_रोड

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागची, वय ४४, शाळेत शिकवते. आमचा चार-पाच जणींचा ग्रुप आहे, पहाटे हरिपूरच्या रस्त्यानं तिथल्या संगमेश्वराच्या देवळापर्यंत जातो आणि परत येतो, रविवारी जरा लांब मारतो. दहा किलोमीटर आता गप्पा मारत होतात, पंधरा पण झालेत. तर ग्रुपमधल्या एका मॅडमनी सगळ्यांना भरीला पाडून साताऱ्याचं रजिस्ट्रेशन करायला लावलं, आणि आता त्याच म्हणतायत की त्या रविवारी भावजयीचं डोहाळजेवण आहे, तुम्ही जाऊन या!

माझी अडचण अशी की आमची सांगली म्हणजे पोळपाट. इथं चढ म्हटलं की लोक आयर्विन पूल दाखवतात. त्यात पावसाळा, कृष्णेचं पाणी एकदा ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की हरिपूरकडं जायचं नावच काढायचं नाही. मग घाटाची प्रॅक्टिस करायची कुठं? जिममधे ट्रेडमिलला चढ लावून पळलं तर चालेल का? आणि मुख्य प्रश्न, विचारायला जरा लाज वाटतीय पण विचारते, घाटात चाललं तर चालतं का का बाहेर काढतात? घरच्यांचं म्हणणं आहे की चालायचंच असेल तर एवढे पैसे भरून साताऱ्याला कशाला, गणपती मंदिरापर्यंत फुकट चालता येतं.

बोगद्यापलीकडे

ताई, पहिलं ते लाजबिज सोडा. घाटात निम्म्याच्या वर पब्लिक चालत असतं, आणि कोणी बाहेर काढत नाही. कट-ऑफ वेळेच्या, म्हणजे शर्यत संपवायला दिलेल्या वेळेच्या आत या म्हणजे झालं.

मी सातारचा, घर शाहूपुरीत, त्यामुळं हा रस्ता पायाखालचा. नीट समजून घ्या म्हणजे धसका जाईल. गावातून समर्थ मंदिर, तिथून बोगदा, बोगद्यातून बाहेर आलं की यवतेश्वरचा घाट, मग कासच्या रस्त्यानं वर पठारावर आणि त्याच रस्त्यानं परत. एकूण २१.१ किमी. सगळे घाटाला घाबरतात, पण खरी गंमत घाटाच्या आधीच होते. गावातनं समर्थ मंदिराकडं जाणारा रस्ता दिसायला साधा दिसतो, दोन्ही बाजूला लोक उभे, ढोल, लेझीम, शाळेची पोरं हात पुढं करून टाळ्या द्यायला, आणि त्या नादात माणूस सपाटावरच्या स्पीडनं सुटतो. तो पण चढच आहे हो! गर्दीत कळत नाही एवढंच. मग बोगद्यात शिरेपर्यंत धाप लागलेली असते आणि घाट तर पुढं आहे. तेव्हा बोगद्यापर्यंत अशा पळा की शेजारच्याशी तुम्हाला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. लोक मागनं पुढं जातायत, जाऊ द्या. त्यातले बरेच जण घाटात तुम्हाला भेटतीलच.

आणखी एक, यवतेश्वरला वर पोचलं की संपला चढ असं वाटतं. नाही संपत. वर पण बारीक बारीक चढउतार आहेत आणि परत येताना त्यातले उताराचे चढ होतात.

बाकी वातावरण म्हणाल तर नाद नाही करायचा. २०१२ ला सुरू झाली ही स्पर्धा आणि २०१५ ला एका डोंगरावर सगळ्यात जास्त लोक पळाले म्हणून गिनीज बुकात नाव गेलं, २६१८ जण होते. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असतं.

भरतीवाला_खटाव

ताई रागावू नका पण चालायचं काय म्हणून? आम्ही पोरं रोज पाच वाजता माळावर असतो, चढ असला तर पावलं बारकी टाकायची, हात जोरात मारायचं आणि पळत ऱ्हायचं. एकदा चालायला लागलं की पाय परत पळायला तयार होत न्हाईत. मनाचा खेळ हाय सगळा

बोगद्यापलीकडे

भावा तू भरतीचा गडी, तुझं १६०० मीटरचं गणित आहे, पाच-साडेपाच मिनिटांत खेळ खलास. इथं दोन-तीन तास काढायचेत. दरवर्षी भरतीची पोरं पहिल्या चार किलोमीटरमधे वाऱ्यासारखी जातात आणि घाटात कठड्यावर बसलेली असतात. काही नंबरात पण येतात ते मान्य.

मिरज_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हॉस्पिटलचं नाव इथं टाकत नाही. सगळेजण चढावर बोलतायत म्हणून लिहायला आलो. या स्पर्धेनंतरच्या आठवड्यात आमच्याकडं जे येतात त्यांना चढानं काही झालेलं नसतं. त्यांची वाट उतारानं लावलेली असते.

कारण सांगतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, दम लागतो, पण स्नायूला इजा फारशी नाही. उतरताना तोच स्नायू ब्रेक मारत असतो, म्हणजे ताणला जात असताना जोर लावत असतो, आणि प्रत्येक पावलाला हे होतं. स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक चिरा जातात त्या अशानं. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांनी कळस गाठतं. म्हणून सोमवारी माणूस ऑफिसात मेडल दाखवत फिरतो आणि मंगळवारी जिना उलटा उतरतो. इथं परतीचा रस्ता जवळजवळ सगळा उतार आहे, म्हणजे दमलेल्या पायांनी ब्रेक मारत यायचं.

तर ट्रेडमिल. चढ लावून पळा, दम वाढेल, ५-६ टक्के पुरे. पण साधारण ट्रेडमिलला उतार नसतो, म्हणजे निम्म्याच स्पर्धेची तयारी झाली. आपल्याकडं उतार कुठं मिळेल ते बघा. मिरजेचा कृपामयी पूल पहाटे वाहनं सुरू व्हायच्या आधी वरखाली करता येतो, फक्त रिफ्लेक्टर जॅकेट घाला आणि एकट्या जाऊ नका. रविवारी गाडी काढून दंडोबाला जा, डोंगरावर रस्ता आहे, सावकाश चढा आणि उतरताना पळा. सागरेश्वरकडं पण घाटरस्ता आहे. वेळ असेल तर एकदा जोतिबाचा घाट करा, तो झाला की यवतेश्वरची भीती राहणार नाही.

शरीराची एक गोष्ट भारी आहे. एकदा उतारावर पळून पाय दुखले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं ते तसे दुखत नाहीत, स्नायू शिकतो. म्हणून स्पर्धेच्या दोन-अडीच आठवडे आधी एक चांगला उताराचा रन झालाच पाहिजे, आणि शेवटच्या दहा दिवसांत अजिबात नको. आता पाय दुखले तर दुखू द्या.

उतरताना लांब ढांगा टाकू नका आणि मागं रेलू नका. टाच लांब पुढं आपटली की ब्रेक लागतो आणि सगळा दणका गुडघ्यात जातो. पावलं छोटी, झपझप, अंगाखाली पडली पाहिजेत. आणि नखं कापा आधी, उतारावर बोटं बुटात पुढं आपटतात, काळी पडतात.

हरिपूर_रोड

बापरे, एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती, सगळ्यांचे आभार. उतार सोपा असेल असंच धरून चालले होते मी, येताना काय घरंगळत येऊ म्हणून. दंडोबाचं ठरवलं, ग्रुपला मेसेज पण टाकला.

@मिरज_फिजिओ सर, सासूबाई रोज म्हणतात पळून पळून गुडघ्याच्या वाट्या झिजतील. त्यात काही तथ्य आहे का? आणि आमच्यातल्या एकीच्या मिस्टरांनी सल्ला दिलाय की सकाळी निघतानाच एक पेनकिलर घ्यायची म्हणजे दुखणारच नाही. घ्यावी का?

मिरज_फिजिओ

गोळी नको. अजिबात नको. पळताना घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, किडनीकडं रक्त आधीच कमी जातं, त्यात डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन असली गोळी म्हणजे किडनीवर डबल ताण. शिवाय जे दुखणं तुम्हाला थांब म्हणून सांगणार तेच बंद केल्यावर कसं कळणार? मिस्टरांना म्हणावं तुम्ही या आणि पळा.

वाट्यांचं असं की हौसेनं, बेतानं पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासात दिसत नाही. आधीची जुनी दुखापत किंवा सूज असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा दाखवून घ्या. सासूबाईंना पण पहाटे चालायला घेऊन जा, विषय मिटेल.

पहाटे_पाच

मी कराडची. हे पुरुष लोक स्नायूंवर बोलतायत, मी बाकीचं सांगते जे कोणी सांगत नाही 😄

त्या दिवसांत वर पठारावर धुकं आणि पाऊस कधी येईल सांगता येत नाही, खाली साताऱ्यात कोरडं असतं आणि यवतेश्वरला चिंब. कॉटनचा टीशर्ट घालू नका, भिजून जड होतो आणि काखेत, ब्राच्या पट्टीखाली, मांड्यांमधे असं सोलतं की आंघोळीला पाणी घेतल्यावर किंचाळाल. व्हॅसलीन भरपूर लावा, कंजूषपणा नको. रेनकोटबिनकोट घेऊन कोणी पळत नाही, एक टोपी पुरे, डोळ्यांत पाणी येत नाही. बूट जुने म्हणजे पायाला बसलेले, पण तळ गुळगुळीत झालेला नको, ओल्या घाटात उतरताना पांढऱ्या पट्ट्यांवरून पाय सटकतो. आणि सुरुवातीच्या ठिकाणी टॉयलेटला ही लांब लाईन असते, तेव्हा पाऊण तास आधी पोचा, आणि पाळीची तारीख जवळ असेल तर सगळं सामान बरोबर ठेवा, ऐनवेळी साताऱ्यात सकाळी सहाला कुठलं दुकान उघडं मिळणार.

खाण्याचं, तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला ती पळताना चोखायच्या गोड एनर्जी जेलची महागडी पाकिटं कशाला लागतात? तासगावचे बेदाणे एका छोट्या पिशवीत घ्या. मूठभर बेदाण्यात साधारण २५-३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात आणि तासाभराच्या वर पळायचं तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात असं धरतात. घाटात चालताना चघळत जायचे, वर घोटभर पाणी. चालण्याचा हा एक फायदा, पळता पळता बेदाणा घशात अडकतो. पण आधी रविवारच्या रनला खाऊन बघा, काहींच्या पोटात गडगडतं. पाणी पण तहानेनुसारच, प्रत्येक स्टॉलला ग्लासभर ढोसायचं नाही. नुसतं पाणीच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन चक्कर येते, उलट्या होतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाजतात.

भरतीवाला_खटाव

फिजिओ सर ते उताराचं खरं हाय. आमचा एक दोस्त मागं गेलता, वर पैल्या नंबरच्या पोरांसंगं हुता आणि उतरताना पोटऱ्या धरल्या, रडत आला. मी म्हंतो तसं पळणाऱ्यानं पळावं, ताईंनी चालावं. पण घाटात चालताना हात कमरेवर ठेवू नका, हात हलवत चाला, चाल तुटत न्हाई

जुना_सातारकर

वर कोणी माणदेशाचा विषय काढला नाही याचं नवल वाटलं. ताई, तुमच्या त्या शाळेतल्या मुलींना सांगा, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला पळाली, दहावी आली. त्याआधीच्या फेरीत, हीटमधे ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हा राष्ट्रीय विक्रम होता तो. तिच्या पायाखाली काय सिंथेटिक ट्रॅक नव्हता लहानपणी, दुष्काळी माळ होता. आमच्या जिल्ह्यात पळणं हे काय शहरातल्या लोकांनी टीशर्ट वाटून आणलेलं नाही. जत्रेतल्या रोख बक्षिसाच्या शर्यती आहेत, भरतीची पोरं आहेत.

आता तक्रार. घाटाच्या वळणावर मधोमध थांबून सेल्फी काढणाऱ्यांचं काय करायचं? मागनं उतरणारा माणूस जोरात असतो, त्याला थांबता येत नाही. फोटो काढायचा तर कडेला व्हा. आणि बाटल्या दरीत फेकू नका, पुढं कासची फुलं बघायला हेच लोक येतात आणि निसर्ग निसर्ग करतात. तुम्ही तसं करणार नाही हे माहिती आहे, वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

हरिपूर_रोड

काका, शाळेत सोमवारीच सांगते. सातवीत दोघी आहेत चांगल्या पळणाऱ्या, घरून पाठवत नाहीत.

शेवटचं विचारते, पहाटे सांगलीतून निघून जमेल का? आणि रेल्वेनं यावं का?

बोगद्यापलीकडे

पहाटे नको. सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पेठ नाक्यावरनं हायवेला लागून कराड मार्गे, आणि हायवेला काम चालू असेल तर किती वेळ लागेल देव जाणे. झोपेचं खोबरं करून घाटात कुठं पळता. शनिवारी दुपारी या, बीब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, पण आदल्या दिवशी घ्यावा लागतो, कुणाकडून मागवता येतो का ते मेलमधे बघा. रेल्वेनं आलात तर स्टेशन माहुलीला आहे, गावापासून लांब, रिक्षा करावी लागेल. लॉज मात्र आत्ताच बघा, त्या शनिवारी पोवई नाक्याच्या आसपास खोली मिळत नाही. शनिवारी रात्री मिसळ, चिकन असले प्रयोग नकोत, वरणभात खा आणि झोपा.

पहाटे_पाच

तुम्ही किती जणी येताय? आम्ही कराडहून तिघी आहोत, शनिवारी तीनला निघणार, माझ्या गाडीत दोन जागा आहेत. कोल्हापूर नाक्यापर्यंत एसटीनं या, तिथून घेते. नावं व्यक्तिगत निरोपात कळवा.

हरिपूर_रोड

दोघी! निरोप टाकलाय. येताना एक किलो बेदाणे आणि भडंग घेऊन येते.

पहाटे_पाच

भडंग रविवारी दुपारी. त्याच्या आधी हात लावू देणार नाही कुणाला.