बुद्रुसचं उदाहरण विसरू नका

काही जण विचारतात की निःशस्त्र आंदोलनातून पॅलेस्टिनींच्या हाती काय लागलं. त्यांनी ज्युलिया बाशा यांचा 'बुद्रुस' हा 2009 चा माहितीपट जरूर पाहावा.

बुद्रुस हे वेस्ट बँक या इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी भागातलं छोटं गाव. 2003 मध्ये इस्रायलच्या विभाजक भिंतीची आखणी गावाच्या जमिनीतून झाली. सुमारे 300 एकर जमीन आणि 3,000 ऑलिव्हची झाडं पलीकडे जाणार होती. ऑलिव्ह म्हणजे तिथल्या घरांचं वर्षाचं उत्पन्न, शिवाय आजोबा-पणजोबांनी लावलेली झाडं. ती उपटताना बघणं किती जिव्हारी लागत असेल! गावातले कार्यकर्ते आयेद मोरार यांनी फतह आणि हमास या एकमेकांच्या विरोधातल्या पॅलेस्टिनी संघटनांच्या माणसांना एकत्र आणलं, इस्रायली कार्यकर्तेही सोबत आले.

मला सर्वांत भिडली ती मोरार यांची पंधरा वर्षांची मुलगी इल्तेजाम. बायकांना आघाडीवर तिनंच आणलं. बुलडोझर खणत असलेल्या खड्ड्यात ती सरळ उडी मारते आणि यंत्र मागे घ्यावं लागतं. इस्रायली सीमा पोलिसांतल्या एका महिला अधिकाऱ्याची मुलाखतही यात आहे, ही दिग्दर्शिकेची प्रामाणिक बाजू.

सुमारे दहा महिन्यांत भिंतीचा मार्ग बदलला आणि बहुतेक जमीन वाचली. भिंत मात्र उभी राहिलीच, फक्त सरकून, हेही खरं. पुढे वेस्ट बँकमधल्याच बिलीन गावानं भिंतीविरोधात 2005 पासून दर शुक्रवारी मोर्चे काढले. 2007 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथलीही आखणी बदलायला सांगितली, पण भिंत प्रत्यक्ष हलायला 2011 उजाडलं.