सातारा शहरात हेल्मेटसक्ती शिथिल करावी का?

शाहूपुरीकर
माझा विरोध हेल्मेटला नाही, सरसकट सक्तीला आहे. महामार्गावर, खंबाटकीत, यवतेश्वरच्या वळणांवर हेल्मेट हवंच. पण राजवाडा ते पोवई नाका या गर्दीत गाडी तिशीच्या वर जातच नाही. मंडईत जाणाऱ्या नवरा-बायकोने दोन पिशव्या, एक मूल आणि वर दोन हेल्मेटं सांभाळायची कशी? स्कूटरच्या डिकीत जेमतेम एक मावतं, मोटारसायकलला डिकीच नाही. आरशाला अडकवलेलं परत येईपर्यंत जागेवर असेल याची खात्री नाही.

माझी मागणी अशी: पालिका हद्दीत ४० च्या आत चालवणाऱ्यांना सूट द्या, निदान मागे बसणाऱ्याला तरी. अमेरिकेत दुचाकीस्वारांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे मिळवलं. मिशिगनने २०१२ साली २१ वर्षांपुढच्यांना मुभा दिली, २०,००० डॉलरच्या वैद्यकीय विम्याची अट घालून. नेब्रास्काने १ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण घेतलेल्यांना दिली. सज्ञान माणसाच्या डोक्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्या.

गोडोलीचा
गाडीचा वेग वेगळा आणि डोकं आपटण्याचा वेग वेगळा. सीटवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून सरळ खाली आलं तरी ते ताशी १९-२० किलोमीटरने डांबरावर बसतं, गाडी जागेवर उभी असली तरी. तुमची ३०-४० ची मर्यादा हा आकडा कमी करत नाही.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो, खरं काम तो करतो. तो चेपतो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा मिळते. उघड्या कवटीला ती जागाच नसते. चेपलेला थर परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी बदलायचं.

आणि मागे बसणाऱ्याला सूट? एका बाजूला बसलेल्या बाईच्या हाताशी फक्त सीटमागची कडी. स्पीडब्रेकरवर मागचं चाक उडालं की ती मागे पडते, आणि मार डोक्याच्या मागच्या भागाला लागतो. चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल असतं.

कायद्याचंही बघा. गुजरात सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये शहरी भागात हेल्मेट ऐच्छिक केलं आणि दोनच महिन्यांत माघार घेतली. हेल्मेट सक्तीचं करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ केंद्राचं आहे.

शाहूपुरीकर
उंचीचा हिशोब मान्य. पण त्याच कायद्याच्या कलम १९४ ड मध्ये १००० रुपये दंड आणि ३ महिने लायसन्स अपात्र, एवढी शिक्षा ठेवली की माणूस दंड चुकवायला रस्त्याकडेची टोपी विकत घेतो. त्या टोपीत थर नाही, पट्टा नावाला. सक्तीने आकडे भरतात, डोकी वाचत नाहीत. त्यात पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, समोरचं दिसत नाही.

सदरबझारचा स्पेअर पार्ट्सवाला
टोपीवर उपाय सूट नव्हे, नीट हेल्मेट. आयएसआय चिन्हासोबत आयएस ४१५१ (हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक) आणि परवाना क्रमांक पाहा, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. माप घेताना भुवईच्या दोन सेंटिमीटर वरून डोक्याभोवती टेप फिरवा. गालाच्या गाद्या घट्ट लागल्या पाहिजेत, त्या वापराने थोड्या सैल होतातच. मग पट्टा लावून मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकला. निघालं तर ते तुमचं माप नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडतं, ही सर्रास दिसणारी चूक.

वाफेसाठी हनुवटीची झडप उघडा, काच एक खाच वर ठेवा. ओरखडलेली काच बदलाच. रात्री समोरच्या ट्रकचा उजेड तिच्यावर फुटतो आणि रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. काळी काच रात्री नकोच.

ठेवायचा प्रश्न खरा आहे. बऱ्याच गाड्यांना सीटखाली हुक असतो. पट्ट्याची डी-रिंग त्यात अडकवून सीट लॉक करा. बकलवाला पट्टा असेल तर हनुवटीच्या भागातून तारेचं कुलूप घालून चाकाला बांधा.

शाहूपुरीकर
मागे बसणाऱ्याच्या सवलतीची मागणी मागे घेतो. चालवणाऱ्याची नाही. आणि पालिकेने मंडईजवळ कुलपाचे कप्पे करावेत, हे आता जोडतो.

गोडोलीचा
कप्प्यांना माझाही पाठिंबा. पण तुमच्या पहिल्या ओळींत एक मूल होतं, ते सज्ञान नाही. चार वर्षांपुढच्या मुलाला कलम १२९ लागू आहेच. नऊ महिने ते चार वर्षांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला हार्नेस आणि ४० ची मर्यादा आहे. मोठ्यांचं हेल्मेट त्याला चालत नाही, ते डोळ्यांवर घसरतं. त्याचं डोकं वेगळं मोजा.